माळ घातली, आता गोळी बंद करू का?

प्रश्न एका गृहस्थांचा आहे. वय ४१, कराडजवळच्या एमआयडीसीत नोकरी, पंधरा वर्षांची दारू. व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आल्याला सात महिने झाले, तेव्हापासून थेंब नाही, दारू पुन्हा लागू नये म्हणून गोळी चालू आहे. कार्तिकीला आईच्या आग्रहाने पंढरपुरात माळ घातली. आता ज्या महाराजांच्या हातून माळ घातली ते म्हणतात, पांडुरंगावर भरवसा असेल तर गोळ्या कशाला? बायको म्हणते, माळकरी झालात पण स्वभाव तोच आहे. हरिपाठ म्हणताना स्वतःला काहीच वाटत नाही, सगळं कोरडं. चुकून घोटभर प्यायली गेली तर माळेचं काय, ही धास्ती आहे. आणि पुढच्या महिन्यात मेव्हण्याची हळद आहे.

आधी थेट उत्तर. गोळी बंद करू नका, एएची म्हणजे दारू सोडलेल्यांच्या गटाची मीटिंग सोडू नका, माळ काढू नका आणि हळदीच्या रात्री तिथे मुक्काम करू नका. कारणं सविस्तर सांगतो. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे गोळीबद्दलचा अंतिम शब्द तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांचा. पण ती महाराजांच्या सांगण्यावरून थांबवायची नाही, एवढं मी ठामपणे सांगू शकतो.

श्रद्धेने दारू सुटते का, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून विचारला जातो. विचारणारी बहुधा आई असते. माझं निरीक्षण असं की, श्रद्धा दोन तऱ्हेने वापरली जाते आणि दोन्हींचा परिणाम अगदी वेगळा होतो. एक तऱ्हा नवसाची. देवासमोर किंवा पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, त्या क्षणी मन भरून येतं, घरचेही रडतात, आणि आता सुटलीच असं सगळ्यांना वाटतं. दुसरी तऱ्हा नेमाची. त्यात मन भरून येण्याचा प्रश्नच नाही. ठरलेल्या वेळी ठरलेलं करायचं, आवडो न आवडो, आणि तेही चार माणसांच्या नजरेसमोर. नवसाने दारू थांबल्याची उदाहरणं मी खूप पाहिली आहेत. थांबलेली दारू वर्षानुवर्षं थांबलेली राहिली, ती मात्र नेमवाल्यांची.

नवसाची सर्वांत सरळ पारख श्रावणात होते. आपल्याकडे गटारीला पोटभर पिऊन महिनाभर बाटलीला हात न लावणारे हजारो आहेत. त्यातल्या अनेकांची श्रद्धा खरी असते, तिची टिंगल करायचं कारण नाही. पण व्यसनी माणसाला श्रावण एक भलतीच गोष्ट शिकवतो: ‘मी मनात आणलं तर सोडू शकतो, म्हणजे मी व्यसनी नाही.’ शेवटची तारीख माहीत असली की थांबणं शक्य असतं, कारण मन त्या तारखेकडे डोळे लावून बसलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांनी दहा-दहा श्रावण कडक पाळलेले असतात आणि तोच त्यांचा सगळ्यात मोठा बचाव असतो. माळेचंही असं होऊ शकतं. प्यायला बसण्याआधी माळ काढून खुंटीला अडकवणारे आणि सकाळी आंघोळ करून पुन्हा घालणारे लोक तुमच्याही गावात असतील.

शिवाय धर्म आपोआप दारूच्या विरोधात असतो, असंही नाही. तळकोकणात आणि गोव्यात राखणदाराला दारूचा मान असतो. घाटावर यात्रेला तिखटा नैवेद्य असतो आणि त्याच्या मागून काय येतं, ते सांगायला नको. देवळाशी जवळीक आहे म्हणून माणूस सुरक्षित आहे, हे गृहीत धरू नका. वारकरी वाट मात्र या बाबतीत खरंच उपयोगी आहे, कारण ती मुळात नेमाची आहे: मांस-मद्य वर्ज्य, एकादशी, रोजचा हरिपाठ, आषाढी-कार्तिकी. आणि ती एकट्याने चालायची वाट नाही, दिंडीत चालायची आहे. पंचशीलातलं पाचवं शील नशा आणणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचं आहे. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या वस्त्यांमध्ये ती प्रतिज्ञा विहारातल्या रोजच्या वंदनेशी जोडलेली राहिली, तिथे तिचा आधार मिळतो. जिथे ती फक्त १४ ऑक्टोबरला आठवते, तिथे मिळत नाही.

आता महाराजांच्या म्हणण्याकडे येतो. गोळी घेणं म्हणजे श्रद्धा कमी, हे मला पटत नाही, आणि आपल्या संतपरंपरेलाही ते पटलं असतं असं वाटत नाही. गाडगे महाराजांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारूची पंगत द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी ती मोडून गोडाचं जेवण घातलं. भाऊबंदांचा रोष पत्करला. दारूच्या विरोधात इतकं कडक बोलणारा दुसरा कीर्तनकार सापडायचा नाही. पण त्यांनी लोकांना देवावर हवाला ठेवून घरी बसायला कधी सांगितलं नाही. आजही त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कर्करुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची सोय होते. श्रद्धा आणि औषध यांचं भांडण लावणारी माणसं नंतरची आहेत.

गोळी काय करते ते समजून घ्या, म्हणजे तिच्याकडून चमत्काराची अपेक्षाही राहणार नाही. तुम्ही कोणती घेता ते लिहिलेलं नाही. डायसल्फिरॅम असेल, तर ती शरीरात दारू पचवण्याची साखळी मध्येच अडवते. दारूपासून तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड साठत जातं आणि प्यायलेल्या माणसाला लाली, उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं असा त्रास होतो. क्वचित जिवावरही बेततं. तिचा प्रभाव शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून ‘दोन दिवस गोळी चुकवली, आता प्यायला हरकत नाही’ हा हिशेब धोक्याचा आहे. नाल्ट्रेक्सोन असेल तर ती पिण्यातली मजा कमी करते आणि अकॅम्प्रोसेट तलफ कमी करते. दोन्ही वेगळ्या वाटेने काम करतात. नाल्ट्रेक्सोनसाठी यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, अकॅम्प्रोसेटसाठी मूत्रपिंडावर. यांतली कोणतीही गोळी विहिरीच्या कठड्याचं काम करते. ती पडू देत नाही, पण पाणी शेंदून देत नाही. ते शेंदायचं काम नेमाचं आहे. त्याबद्दल पुढे.

डायसल्फिरॅम घेणाऱ्यांना एक सूचना. आसवं आणि अरिष्टं, म्हणजे द्राक्षासव, दशमूलारिष्ट वगैरे, आंबवून केलेली असतात आणि त्यांत अल्कोहोल असतं. काही खोकल्याच्या औषधांत आणि होमिओपॅथीच्या थेंबांतही असतं. अशक्तपणा आलाय म्हणून आई प्रेमाने चमचाभर द्राक्षासव देते आणि मुलगा लालबुंद होऊन धापा टाकायला लागतो. शिवाय तोंडाला ती चव पुन्हा लागणं हेही चांगलं नाही. बाटलीवरचं लेबल वाचायची सवय लावा. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात. त्यांतली पावडर भाजीत कालवायच्या फंदात कोणी पडू नये. त्यात काय आहे हे देणारा सांगत नाही, आणि पिणाऱ्याला काही माहीतच नसेल तर तो त्यावर दारू पिणारच.

हे उत्तर अजून पिणाऱ्या कोणाच्या घरी वाचलं जाणार असेल, तर त्यांच्यासाठीही थोडं लिहायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकादशीचा मुहूर्त धरून घरच्या घरी एकदम बंद करू नये. काही तासांतच थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलावतात. खेड्यात याला ‘बाहेरचं’ समजून देवऋषी बोलावतात आणि महत्त्वाचे तास वाया जातात. ही वैद्यकीय तातडी आहे, यात माणूस दगावतो. शपथ घ्या, पण रुग्णालयात दाखल होऊन घ्या.

मीटिंगकडे येतो. महाराजांनी मीटिंगबद्दल काही म्हटल्याचं तुम्ही लिहिलं नाही, तरी प्रश्नाच्या ओघात ‘मीटिंगला जाणं कमी झालंय’ असं एक वाक्य आहे. मला सगळ्यात काळजी त्याची वाटते.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आपण ज्याला ‘एए’ म्हणतो, ती चळवळ कशी सुरू झाली ते तुमच्या प्रश्नाचं उत्तरच आहे. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस. डिसेंबर १९३४ मध्ये दारूवरच्या उपचारासाठी रुग्णालयात असताना त्याला एक जबरदस्त आध्यात्मिक अनुभव आला. खोली उजेडाने भरून गेली, आपण मोकळे झालो असं त्याला वाटलं. त्यानंतर त्याने दारू प्यायली नाही. नवसवाली गोष्ट इथेच संपली असती. पण मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी तो ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला, व्यवहार फिसकटला, आणि संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा असताना बारमधल्या गप्पांनी त्याला ओढायला सुरुवात केली. पाच महिन्यांपूर्वीचा तो उजेड त्या क्षणी पुरेसा नव्हता. त्याने काय केलं, तर चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला घेतले आणि विचारलं, मला बोलायला एखादा दारुडा मिळेल का? त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाची गाठ पडली. डॉ. बॉबने १० जून १९३५ ला शेवटचा पेला घेतला. तो दिवस एएचा स्थापनादिन मानतात.

यात रुग्णालय होतं, अनुभव होता आणि माणूस होता. तिन्ही लागले. आणि ऐन वेळी माणूस कामाला आला.

एएमध्ये दारू सोडणाऱ्याने एकेक करत चढायच्या बारा पायऱ्या आहेत. ‘बारा पायऱ्यांनी खरंच फरक पडतो का’ असं विचारणारेही भेटतात, विशेषतः शिकलेले. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांवर रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. एए आणि तिच्याशी जोडून देणाऱ्या उपचारांमुळे वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेल्यांचं प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं. इतर मान्य मानसोपचार घेणाऱ्यांत ते ३५ टक्के होतं. आकडे जादूचे नाहीत. निम्म्याहून अधिक लोक दोन्हीकडे पडलेच. पण फुकट चालणाऱ्या, चहा-बिस्किटांवर भागणाऱ्या एका बैठकीने प्रशिक्षित लोकांच्या उपचारांना मागे टाकावं, हे मला या कामात अजूनही आश्चर्याचं वाटतं. हे घडतं कसं, यावरही अभ्यास झाले आहेत. बराचसा परिणाम मित्रांचा गोतावळा बदलल्यामुळे होतो, असं त्यांत दिसतं. ज्यांचं व्यसन जास्त खोल गेलेलं असतं, त्यांच्यात आध्यात्मिक बदलाचाही वाटा असतो. म्हणजे तुमच्या आईचं आणि तुमच्या समुपदेशकाचं, दोघांचंही बरोबर आहे.

भजनी मंडळ मीटिंगची जागा घेऊ शकत नाही का? काही अंशी घेतं. संध्याकाळचा सात ते नऊ हा वेळ भरतो, मित्र बदलतात. पण भजनात तुम्हाला उभं राहून ‘आज दुपारी कंपनीच्या गेटबाहेर चपटी दिसली आणि तोंडाला पाणी सुटलं’ असं सांगता येत नाही. सांगितलंत तर उद्या गावभर होईल. मीटिंगमध्ये ते सांगितल्यावर समोरचे हसतात, कारण त्यांचंही तसंच झालेलं असतं. तिथे आडनाव विचारत नाहीत. तेव्हा हरिपाठ आणि मीटिंग ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही करा. आठवड्याला निदान दोन मीटिंग धरा, आणि एक अनुभवी माणूस स्पॉन्सर म्हणून धरा, ज्याला रात्री अकराला फोन करता येईल.

आता वहिनींच्या वाक्याबद्दल. ‘माळकरी झालात पण स्वभाव तोच.’ तुम्हाला ते लागलं आहे, प्रश्नाच्या भाषेवरून कळतं. मला मात्र ते वाक्य या सगळ्या पत्रातलं सर्वांत कामाचं वाटलं. दारू गेली की मागे उरतो तो माणूस पंधरा वर्षं मोठा झालेला नसतो. ज्या वयात लोक नकार पचवायला, उधारी फेडायला, बायकोशी वाद घालून पुन्हा बोलायला शिकतात, त्या वयात तुम्ही प्रत्येक कठीण प्रसंगी क्वार्टर उघडत होतात. त्यामुळे ४१ व्या वर्षी ते धडे सुरू होणार. याची लाज बाळगू नका, पण ते टाळूही नका.

घरी काय दिसतं ते मी सांगतो, तुमच्या घरी जुळतंय का बघा. दारू सोडलेला नवरा अपेक्षा करतो की आता सगळ्यांनी कौतुक करावं. ‘मी सोडलीय ना, आता अजून काय पाहिजे?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की जोडपं खुर्चीत बसण्याआधीच मला ते ऐकू येतं. बायको मात्र अजून त्याच्या पावलांचा आवाज ऐकून वास घेण्याइतकी सावध होते. तिचं शरीर पंधरा वर्षांत जे शिकलंय ते सात महिन्यांत विसरणार नाही. विश्वास मागून मिळत नाही, म्हणून तो मागायचाच नाही. त्याऐवजी मोजता येतील अशा गोष्टी करायच्या. पगाराच्या दिवशी एटीएम कार्ड तिच्याकडे. खिशात लागतील तेवढेच पैसे. सहाला येतो म्हटलं तर सहाला घरी, उशीर होणार असेल तर पाच वाजता फोन. किराणा दुकानाची आणि मित्रांची उधारी कागदावर लिहून दर महिन्याला थोडी थोडी फेडायची, आणि ती यादी तिला दाखवायची. पालक-सभेला पोराच्या शाळेत जायचं. यातलं काहीच ‘आध्यात्मिक’ दिसत नाही. मी मात्र याला माळेइतकंच महत्त्व देतो.

बारा पायऱ्यांतली चौथी पायरी आत्मपरीक्षणाची आहे, दहावी ते रोज चालू ठेवण्याची. मी ती अगदी साधी करून देतो. रात्री झोपण्याआधी वहीत तीन ओळी: आज कोणाचा राग आला, त्यात माझा वाटा काय, उद्या त्याबद्दल काय करणार. पहिले काही आठवडे पहिल्या ओळीत सगळं जग येतं, सुपरवायझर, सासरा, सरकार, आणि दुसरी ओळ कोरी राहते. राहू द्या. एक दिवस दुसरी ओळ आपोआप भरायला लागते. पाचवी पायरी ही की, ते कोणा एका माणसाला वाचून दाखवायचं. तो माणूस बायको नसावा, स्पॉन्सर किंवा समुपदेशक असावा. नवव्या पायरीत नुकसानभरपाई आहे, पण त्यातच अट आहे: त्यामुळे समोरच्याला किंवा तिसऱ्याला इजा होणार असेल तर नाही. जुनी भानगड बायकोला सांगून स्वतःचं मन हलकं करायचं आणि तिला आयुष्यभराचं ओझं द्यायचं, ही भरपाई नव्हे. हे स्पॉन्सरशी बोलल्याशिवाय करू नका.

दुसरा एक प्रकार तुमच्या वाटेवर येऊ शकतो म्हणून आधीच लिहितो. दारूच्या जागी देव येतो आणि घर पुन्हा रिकामंच राहतं. संध्याकाळी भजन, शनिवारी कीर्तन, महिन्याला सप्ताह, पंधरा दिवस वारी. गावात मान मिळतो, लोक ‘माउली’ म्हणतात. बायको तेव्हाही एकटीच स्वयंपाक करून झाकून ठेवत होती, आताही ठेवते. आता तर तिला तक्रारही करता येत नाही, कारण देवाच्या कामाविरुद्ध बोलायचं कसं? वारीला जायचं असेल तर तिला घेऊन जा, नाहीतर तिच्या संमतीने जा. आणि इतर पिणाऱ्यांना उपदेश करायला निघू नका, निदान पहिलं वर्षभर. बाराव्या पायरीत दुसऱ्यापर्यंत निरोप पोचवायला सांगितलंय खरं, पण सुरुवात मीटिंगमध्ये खुर्च्या लावण्यापासून आणि चहा करण्यापासून होते. तिथे ‘मी’ आपोआप लहान होतो.

वहिनींसाठीही जागा आहेत. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंग असतात. पुण्याचं मुक्तांगण, जे १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. त्यांना तिथे जायला सांगू नका, फक्त अशी जागा आहे एवढं कळवा. ‘तुलाही उपचार हवेत’ असं नवऱ्याच्या तोंडून ऐकलं की काय होतं, ते मी पाहिलंय.

हरिपाठ कोरडा वाटतो, याची फार चिंता नको. याचं कारण बहुतेक तुमच्या श्रद्धेत नसून मेंदूत आहे. अनेक वर्षं मेंदूच्या आनंदाच्या यंत्रणेला दारूच्या जोरदार धक्क्यांची सवय लागलेली असते. ती गेल्यावर साध्या गोष्टींची गोडी परत यायला महिने लागतात. झोप उडणं, चिडचिड, काहीच नकोसं वाटणं हे या काळात सर्रास आढळतं. तेव्हा पाठ चालू ठेवा, भाव शोधत बसू नका. सगळा जमत नसेल तर पाच अभंग म्हणा, पण रोज त्याच वेळी आणि शक्यतो घरच्यांबरोबर मोठ्याने. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास वाटत असेल, भूक-झोप गेली असेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर तो कोरडेपणा नव्हे, ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. तुमच्या डॉक्टरांना हे याच शब्दांत सांगा. मध्यरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

देव न मानणाऱ्याचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण साताऱ्याकडून पत्र आलंय म्हणून राहवत नाही. तुमच्याच जिल्ह्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलं. तिथून बाहेर पडलेल्यांना कोणी माळ घालायला सांगितली नव्हती. एएच्या पायऱ्यांतही देव म्हणजे ‘आम्हाला जसा समजला तसा’ अशी मोकळीक आहे. कोणी त्या जागी निसर्ग मानतो, कोणी त्या खोलीत जमलेली माणसंच मानतो. ‘मी एकटा माझ्या डोक्याने हे सांभाळू शकत नाही’ एवढं कबूल झालं की पुढचं काम होतं. हे कबूल न करणारा माळकरी आणि हे कबूल करणारा नास्तिक यांच्यात पैज लावायची झाली, तर मी नास्तिकावर लावेन.

आता माळेची धास्ती. घोट गेला तर काय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी यावर बरंच काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या पेल्याने जेवढं नुकसान होत नाही, तेवढं त्यानंतर मनात येणाऱ्या ‘सगळं संपलं, मी नालायकच’ या विचाराने होतं. कडक शपथ घेणाऱ्याला हा विचार जास्त जोरात येतो. माळ घालून प्यायलो म्हणजे पाप झालंच, मग एक काय नि दहा काय, असा तो हिशेब. लपवाछपवी सुरू होते, मीटिंगला तोंड दाखवता येत नाही, महाराजांसमोर जाववत नाही. म्हणजे जिथून मदत मिळणार त्या सगळ्या जागा एकाच वेळी बंद.

म्हणून हे आजच, शुद्धीत असताना ठरवून ठेवा. महाराजांकडे जा आणि सरळ विचारा: माझ्याकडून चूक झाली तर मी तुमच्याकडे परत यायचं की नाही? ‘ये’ म्हणाले तर चांगलं. ‘नाही’ म्हणाले तर मंडळातला दुसरा समजूतदार वारकरी शोधा, असतात. दुसरं, एक चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवा: प्यायलो तर तिथेच थांबायचं, त्याच तासात स्पॉन्सरला फोन, त्याच दिवशी घरी सांगायचं, दुसऱ्या दिवशी मीटिंग आणि डॉक्टर. गोळी चालू असताना प्यायलात आणि छातीत धडधड, चक्कर, उलट्या सुरू झाल्या तर आधी रुग्णालय, बाकी सगळं नंतर. माळ काढायची की ठेवायची हा त्या रात्रीचा प्रश्न नाही. अशी तयारी म्हणजे पिण्याची परवानगी घेणं नव्हे. वाहन चालवणारा स्टेपनी बाळगतो म्हणून कोणी त्याला पंक्चर हवंय असं म्हणत नाही.

राहिली हळद. घाटावर हळदीच्या रात्री काय असतं ते तुम्हाला माहीत आहे: डीजे, मटण, आणि मांडवामागे उभी असलेली गाडी. तुम्ही जुने जाणकार, म्हणून खरेदीचं काम तुमच्याकडे येण्याची शक्यता आहे. आजच मेव्हण्याला फोन करून सांगा की ते काम माझं नाही, मी लग्नाच्या दिवशी सकाळी लवकर येतो, पाहुण्यांचं आणि जेवणाचं बघतो. खोटं कारण देऊ नका, खोटं सांभाळायला पुन्हा डोकं लागतं. ‘औषध चालू आहे, चालत नाही’ एवढं पुरतं, आणि गोळीचा तो एक जास्तीचा फायदा. हळद लावायला जायचंच असेल तर दिवसाउजेडी जा, वहिनींबरोबर किंवा न पिणाऱ्या भावाबरोबर. स्वतःची गाडी न्या म्हणजे निघणं तुमच्या हातात राहील. जेवून जा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी तलफ जोर करते, आणि लग्नघरात चारही एकत्र मिळतात. तलफ आलीच तर ती बहुधा वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बाहेर येऊन फोनवर बोला, चाला, गार पाणी प्या. कोणी ग्लास हातात दिलाच तर भाषण न देता खाली ठेवा आणि तिथून निघा.

आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची मीटिंग आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. हळदीच्या रात्री सगळं घर तुमच्यावर नजर ठेवून असेल. ती निभावल्यावर मात्र कोणी बघत नसतं आणि ‘आता आपल्याला जमतं’ अशी खुशी असते. माझ्याकडे परत दाखल झालेल्यांपैकी पुष्कळ जण त्या खुशीत घसरलेले असतात.